शहरं नव्हे, रात्री मोजा

रेल्वेचं वेळापत्रक वाचायला मराठी माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तेव्हापासून रेल्वे आपल्या घरातलीच एक झाली आहे. कर्जतला वडा खायचा, घाट चढण्यासाठी मागून इंजिन जोडतात, पुण्याच्या बाजूला जाताना कुठल्या खिडकीतून धबधबे दिसतात, हे सगळं आपल्याला तोंडपाठ असतं. जपानमध्ये पहिली रेल्वे सुरू झाली ती १८७२ साली, टोकियोच्या शिम्बाशीपासून योकोहामापर्यंत. म्हणजे या बाबतीत आपण त्यांच्याहून एकोणीस वर्षांनी थोरले!

पण हाच वेळापत्रकात मुरलेला माणूस परदेशी रेल्वेप्रवासाचा बेत आखायला बसला, की त्याची गणितं चुकू लागतात. हल्ली टूर कंपनीच्या झेंड्यामागे न जाता आपलं आपण हिंडावं, असं अनेकांना वाटू लागलं आहे. निवृत्त झालेली जोडपी, मुलं परदेशी स्थिरावलेले आईवडील, नोकरीतून पंधरा दिवस रजा काढून निघालेले तरुण, सगळेच कागद-पेन्सिल घेऊन बसतात. ही फार चांगली गोष्ट आहे. म्हणून आज मी, श्रोतेहो, अनोळखी देशात चार-पाच शहरांचा रेल्वेप्रवास कसा आखावा, याविषयी बोलणार आहे. उदाहरण जपानचं घेतो. आम्ही पतीपत्नी २०२३ च्या नोव्हेंबरात तिथं जाऊन आलो, आणि रेल्वेने देश पाहण्याची सोय तिथं आहे तशी फार थोड्या ठिकाणी असेल.

आपली गणितं का चुकतात, ते आधी पाहू. आपल्याकडे टंचाई असते ती गाडीतल्या जागेची. साठ दिवस आधी रिझर्व्हेशन उघडतं, सकाळी आठच्या ठोक्याला वेटिंग लिस्ट सुरू होते. त्यामुळे आपण आधी तिकीट पाहतो आणि मग गाव ठरवतो. जपानमध्ये नेमकं उलटं आहे. टोकियोहून क्योटोकडे जाणाऱ्या सर्वांत जलद गाड्या गर्दीच्या वेळी तासाला दहाच्या वर सुटतात. एक चुकली तर पाच-दहा मिनिटांत दुसरी. मुंबईच्या लोकलसारखंच म्हणा ना! तिथं टंचाई असते ती आपल्याजवळच्या रात्रींची. त्या मोजक्या असतात, पैसे मोजून घेतलेल्या असतात, आणि एकदा गेली की ती रात्र परत मिळत नाही. जे कमी आहे ते आधी मोजावं आणि जे मुबलक आहे ते नंतर पाहावं, एवढं एक सूत्र लक्षात ठेवलं की बाकीचं आपोआप सुचतं.

माझे एक मित्र आहेत, हायस्कुलात तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेले. २०२४ च्या पावसाळ्यात ते आणि वहिनी एक कागद घेऊन घरी आले. दहा रात्रींचा बेत होता. टोकियो दोन रात्री, हाकोने एक, ताकायामा एक, कानाझावा एक, क्योटो दोन, हिरोशिमा एक आणि ओसाका दोन. सात ठिकाणं, सुंदर अक्षरात, प्रत्येक गाडीच्या वेळेसकट.

मास्तर खुशीत होते. म्हणाले, “भाई, दहा दिवसांत सात शहरं होतात की!”

वहिनी शांतपणे म्हणाल्या, “म्हणजे रोज बॅग भरायची आणि रोज उघडायची. मग घरच्या कामात आणि यात फरक तो काय?”

मी त्यांचा कागद घेतला आणि त्याच्या मागच्या बाजूवर हिशेब मांडला. दहा रात्री म्हणजे उतरण्याचा आणि परतीचा दिवस सोडून नऊ पूर्ण दिवस. सात ठिकाणं म्हणजे सहा वेळा मुक्काम हलवणं. जपानी हॉटेलात खोली साधारणतः सकाळी दहा-अकराला सोडावी लागते आणि पुढच्या गावातली खोली दुपारी तीनच्या सुमाराला मिळते. मधला वेळ आपण बिऱ्हाड पाठीवर घेऊन असतो. बॅग भरणं, हॉटेलपासून स्टेशन, स्टेशनात फलाट शोधणं, गाडी, पुन्हा स्टेशन, पुन्हा हॉटेल. गाडीतला वेळ सव्वादोन तास असो की पन्नास मिनिटं, अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. सहा अर्धे म्हणजे तीन दिवस. नवातून तीन गेले, उरले सहा. सहा दिवसांत सात ठिकाणं! मास्तरांनी तो आकडा दोनदा पाहिला.

त्यातून नकाशा फसवतो. कागदावर ताकायामा आणि कानाझावा बोटभर अंतरावर दिसतात, पण मध्ये डोंगर आहेत. ताकायामाला जायचं तर नागोयाहून डोंगरातली गाडी पकडावी लागते, तिला दोन तासांहून जास्त लागतात. कानाझावाहून क्योटोला पूर्वी थेट गाडी होती. १६ मार्च २०२४ रोजी नवा वेगवान मार्ग त्सुरुगापर्यंत वाढवला, तेव्हापासून त्सुरुगाला उतरून गाडी बदलावी लागते. नवी वेगवान गाडी आली आणि बॅग उचलण्याची एक वेळ वाढली. म्हणून दोन गावांमधले किलोमीटर पाहण्यापेक्षा गाड्या किती वेळा बदलाव्या लागतात, ते आधी पाहावं.

मग आम्ही तिघांनी बसून नवा कागद केला. त्याचे नियम सांगतो, कारण ते कुठल्याही देशाला लागू पडतील.

पहिला नियम, सरळ रेघेत चला. ज्या शहरात उतरलो तिथूनच परतायचं, अशी आपल्याला सवय असते. पण एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून परतण्याचं तिकीट काढता येतं, आणि पुष्कळदा ते फारसं महाग पडत नाही. टोकियोला उतरायचं, पश्चिमेकडे सरकत जायचं आणि ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावरून परत यायचं. समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर हा विमानतळ आहे, १९९४ साली सुरू झालेला. असं केलं की आलेल्या वाटेने परत जाण्यात दिवस जात नाही.

दुसरा नियम, तळ ठोका आणि तिथून फिरा. टोकियोत चार रात्री राहिलं तर एका दिवसात कामाकुराला जाऊन येता येतं. लोकल गाडीने तासाभराचा रस्ता, आणि तिथं उघड्या आकाशाखाली बसलेला प्रचंड बुद्ध. क्योटोत तीन रात्री असल्या की पाऊणएक तासावर नारा आहे, मोकळी हिंडणारी हरणं आणि तोदाइजीचं भव्य लाकडी मंदिर. बॅग खोलीतच राहते, अंगावर एक पिशवी फक्त. दिवसभरासाठी जाणं आणि मुक्काम हलवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकाच रकान्यात लिहू नयेत.

तिसरा नियम, हॉटेल स्टेशनजवळ घ्या. दोन स्टेशनं पलीकडची खोली चारशे-पाचशे रुपयांनी स्वस्त दिसते, पण बॅग ओढत चालण्याची किंमत गुडघे वसूल करतात. टोकियोतल्या शिंजुकू स्टेशनाला बाहेर पडायचे दोनशेच्या वर मार्ग आहेत. दादर स्टेशनच्या पुलावर ज्याने आयुष्य काढलं, तोही तिथं पाच मिनिटं उभा राहून पाट्या वाचतो. तिथं कुठल्या क्रमांकाच्या दारातून बाहेर पडायचं, तेही आधीच लिहून ठेवावं.

या नियमांनी नवा कागद असा झाला: टोकियो चार, क्योटो तीन, हिरोशिमा दोन, ओसाका एक. मुक्काम फक्त तीनदा हलणार, म्हणजे दीड दिवस जाणार. हाती साडेसात दिवस उरतात. सातांतली तीन ठिकाणं गळली, पण दीड दिवस वाढला. मास्तरांना कानाझावाची बाग सोडवत नव्हती. वहिनींनी त्या नावावर स्वतः रेघ मारली.

आता तिकिटांचं पाहू. परदेशी पाहुण्यांसाठी जपानमध्ये रेल्वेचा पास मिळतो. वर्षानुवर्षं सगळे सांगत आले, आधी पास घ्या. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या पासाची किंमत २९,६५० येनांवरून एकदम ५०,००० येनांवर नेली. चौदा दिवसांचा पास ८०,००० झाला. जुना सल्ला मात्र अजून फिरतोच आहे. म्हणून बेरीज आपली आपण करावी. टोकियो ते क्योटो साधारण १४,००० येन, क्योटो ते हिरोशिमा साडेअकरा हजारांच्या आसपास, हिरोशिमाहून ओसाकाच्या बाजूला दहा-अकरा हजार. एका माणसाचे सुमारे ३६,००० येन. मग ५०,००० चा पास कशाला? दोघांचे मिळून २८,००० येन वाचले. शंभर येनांचे गेली दोन-तीन वर्षं पन्नास ते साठ रुपयांच्या दरम्यान पडतात, त्या हिशेबाने पंधरा हजार रुपये झाले. शिवाय पासावर सर्वांत जलद गाडीत बसायचं तर वेगळे पैसे भरावे लागतात.

या जलद गाड्यांची नावं मला फार आवडतात. सर्वांत वेगवान ती नोझोमी, म्हणजे आशा. तिच्याहून जास्त ठिकाणी थांबणारी हिकारी, म्हणजे प्रकाश. आणि प्रत्येक स्टेशन घेणारी कोदामा, म्हणजे प्रतिध्वनी. आपल्या फास्ट, सेमी-फास्ट आणि स्लो लोकलच म्हणायच्या, पण त्यांचं नामकरण एखाद्या कवीने केलेलं. टोकियो ते क्योटो नोझोमीला सव्वादोन तास लागतात, हिकारीला अडीच-पावणेतीन, कोदामाला साडेतीनच्या वर. तिकीट दोन भागांचं असतं, एक मूळ भाड्याचं आणि एक जलद गाडीचं. आपल्याकडच्या सुपरफास्ट अधिभारासारखंच. दोन कागद हाती आले तर गोंधळू नये, दोन्ही एकदम फाटकाच्या यंत्रात सारावेत आणि पलीकडून परत घ्यायला विसरू नये. गावातल्या लोकलसाठी आणि बससाठी मात्र एक साठवणुकीचं कार्ड घेतलं की काम भागतं. टोकियोत घेतलेलं कार्ड ओसाकातही चालतं.

टोकियोहून क्योटोला जाताना उजवीकडची खिडकी मागावी, रांगेतल्या E अक्षराची जागा. निघाल्यावर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी, हवा स्वच्छ असेल तर, फुजी पर्वत दिसतो. आम्हाला ढगांत अर्धाच दिसला. तेवढाही पुरे झाला.

सामानाविषयी थोडं सविस्तर सांगतो, कारण आपण भारतीय इथं हमखास अडतो. मधल्या स्टेशनवर गाडी मिनिट-दोन मिनिटं थांबते. हमाल नाही. गाडी मिनिटाच्या हिशेबाने चालते, म्हणजे उतरायची तयारीही मिनिटाच्या हिशेबानेच हवी. बॅगेच्या तिन्ही बाजूंची बेरीज १६० सेंटीमीटरच्या वर गेली, तर टोकियो-क्योटो-हिरोशिमा या मार्गावर मे २०२० पासून तिच्यासाठी डब्याच्या शेवटच्या रांगेतली खास जागा आधी राखावी लागते. राखली तर वेगळे पैसे नाहीत, न राखता आणली तर हजार येन. घरी टेप घेऊन बॅग मोजा, चाकं आणि मूठ धरून.

त्याहून चांगला उपाय त्यांच्याकडेच आहे. हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यायची, पुढच्या शहरातल्या हॉटेलचा पत्ता लिहायचा. टोकियोहून दिलेली बॅग सहसा दुसऱ्या दिवशी क्योटोत पोचते. खर्च आकारानुसार दोन-तीन हजार येन. या सेवेला ते ‘ताक्क्युबिन’ म्हणतात. एका रात्रीचे कपडे आणि औषधं मात्र जवळच्या पिशवीत असावीत. ज्या देशात ओळखपाळख नाही तिथं बॅग परक्याच्या हाती देताना आपला हात अडतो. वहिनींचाही अडला होता. पण क्योटोच्या खोलीत बॅग त्यांच्याआधी येऊन उभी होती.

आता दिनदर्शिका. आपल्या शाळांना एप्रिल-मेपासून जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी असते, म्हणून कुटुंबं याच काळात निघतात. पण २९ एप्रिल ते ५ मे हा तिथला सुट्ट्यांचा आठवडा असतो, त्याला गोल्डन वीक म्हणतात. अख्खा जपान त्या वेळी रेल्वेत असतो. त्या आठवड्यात, ऑगस्टच्या मध्याला त्यांच्या पितरांच्या सणात आणि नववर्षाच्या सुमाराला नोझोमीचे सगळे डबे आरक्षित असतात, बिनआरक्षणाचा डबा जोडतच नाहीत. म्हणजे फक्त याच दिवसांत आपला भारतीय स्वभाव कामाला येतो. महिनाभर आधी सकाळी दहाला तिकिटं उघडतात, ती तेव्हाच घ्यावीत. मेचा दुसरा आणि तिसरा आठवडा चांगला. हवा सुखद, गर्दी ओसरलेली. जूनमध्ये तिथंही पावसाळा लागतो. दिवाळीच्या सुट्टीत जायचं तर क्योटोतली पानं साधारणतः नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात रंगतात, तेव्हा खोल्यांचे भावही चढलेले असतात. मास्तर आणि वहिनी २०२५ च्या मेमध्ये, दहा तारखेनंतर निघाले.

खाण्याचा प्रश्न आपल्याकडे प्रत्येक घरात वेगळा. शाकाहारी माणसाला तिथली अडचण ताटात दिसत नाही, ती पाण्यात असते. सूप असो, नूडल्स असोत की उकडलेली भाजी, तिचं पाणी बहुधा सुकवलेल्या माशाचं असतं. माझ्यासारख्याला आणखी दोन गोष्टी विचाराव्या लागतात. एक डुकराच्या मांसाची, आणि दुसरी मिरिनची, म्हणजे स्वयंपाकात घालतात त्या गोड तांदळाच्या दारूची. यावर उपाय एकच, काय चालत नाही ते जपानीत लिहून घेतलेली चिठ्ठी खिशात ठेवावी. माणसं ती मन लावून वाचतात आणि जमत नसेल तर वाकून नम्रपणे नाही म्हणतात. क्योटोत बौद्ध मठांच्या परंपरेतलं जेवण मिळतं, त्यात मांस-मासे नसतात. ते महाग असतं, पण एकदा घ्यावं. चोवीस तास उघड्या असलेल्या छोट्या दुकानांत खारवलेल्या उमे फळाचा भाताचा गोळा मिळतो. त्याबरोबर घरून नेलेला मेतकुटाचा डबा असला की दुपार भागते. वेगवान गाडीत जेवायला हरकत नसते, उलट डबा घेऊन बसण्याची तिथं परंपराच आहे. मात्र टोकियो-ओसाका मार्गावर साध्या डब्यांत खाण्याची ढकलगाडी येत असे, ती ऑक्टोबर २०२३ अखेर बंद झाली. खायचं ते फलाटावरूनच घेऊन चढावं. आणि कचरा पिशवीत भरून बरोबर ठेवावा, रस्त्यात कचराकुंड्या फारशा सापडत नाहीत.

आता हिरोशिमाकडे वळतो, कारण आमच्या त्या कागदावरचा खरा प्रश्न तिथंच होता.

जुन्या कागदावर हिरोशिमाला एक रात्र होती, पण वेळा पाहिल्या तर दुपारी दोनला पोचणं, सहापर्यंत सगळं उरकणं आणि सकाळी नऊची गाडी. मास्तरांनी तीस वर्षं दरवर्षी तो धडा शिकवला होता. ६ ऑगस्ट १९४५, सकाळी सव्वाआठ. तारीख, वेळ, मृतांचा आकडा, परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. ज्या गावासाठी ते मुळात निघाले होते, त्या गावाला त्यांनी चार तास दिले होते. क्योटोहून नोझोमीने तिथं पोचायला पावणेदोन तास पुरतात, म्हणून पुष्कळ लोक सकाळी जाऊन संध्याकाळी परतही येतात. वेळापत्रकाच्या दृष्टीने त्यात काहीच चूक नाही. पण गाडीने वाचवलेला वेळ लगेच दुसऱ्या गावाला देऊन टाकायचा की त्याच गावात खर्चायचा, हे वेळापत्रक सांगत नाही.

तिथल्या संग्रहालयाचं तिकीट फक्त दोनशे येन आहे. आत एक जळालेला जेवणाचा डबा ठेवला आहे, एका शाळकरी मुलाचा. त्या दिवशी बारा-तेरा वर्षांची हजारो मुलं शहरात घरं पाडायच्या कामाला लावली होती. बाँबहल्ल्याची आग पसरू नये म्हणून मोकळे पट्टे करायचं ते काम. त्या डब्यातलं अन्न काळा कोळसा झालेलं आहे. ते पाहून बाहेर आल्यावर माणसाला लगेच कुठंही जायचं नसतं. गाडीची वेळ झालेली असली तर पाय स्टेशनकडे जातात, पण मन येत नाही.

म्हणून नव्या कागदावर हिरोशिमाला दोन रात्री दिल्या. पहिल्या दिवशी संग्रहालय, आणि त्यानंतर त्या तारखेखाली काही लिहायचं नाही, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी मियाजिमा बेट. लोकलने अर्धा तास, मग दहा मिनिटांची बोट, भरतीला पाण्यात उभी दिसणारी लाल कमान. एवढंच.

मास्तर परत आल्यावर मी विचारलं, काय पाहिलं? ते म्हणाले, “भाई, बाहेर येऊन आम्ही दोघं नदीकाठी दीड तास बसलो. समोर ती मोडकी घुमटाची इमारत. काही बोललो नाही. घड्याळ पाहावं लागलं नाही, हे बरं झालं.” मग म्हणाले, “तिथली ट्राम बाँब पडल्यानंतर तिसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, थोड्या अंतरावर का होईना, पुन्हा सुरू झाली होती. हे मी कधी वर्गात सांगितलंच नव्हतं. मला माहीतच नव्हतं.” ते संध्याकाळी त्याच ट्रामने हॉटेलवर गेले.

हिरोशिमाहून ओसाकाला जाताना त्यांना मी कोबेला उतरायला सांगितलं होतं. सव्वा तासात शिन-कोबे स्टेशन येतं. बॅग लॉकरमध्ये ठेवावी आणि चालत कितानो भागात जावं. त्या परिसरात १९३५ साली उघडलेली मशीद आहे, जपानमधली पहिली. तिच्या उभारणीत तिथं व्यापारानिमित्त राहणाऱ्या भारतीयांचा वाटा होता. १९४५ च्या हवाई हल्ल्यांत ती टिकली आणि १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात, ज्यात सहा हजारांवर माणसं गेली, तेव्हाही टिकली. जवळच संगमरवरी जैन मंदिर आहे, १९८५ सालचं. आमच्या प्रवासात दुपारची नमाज मी त्या मशिदीत पढलो आणि मग आम्ही मंदिराच्या पायरीशी थोडा वेळ उभे राहिलो. सातासमुद्रापलीकडे आपल्याकडची एखादी गल्लीच भेटल्यासारखं वाटलं. तिथून ओसाका साध्या गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर. एवढ्यासाठी वेगळा मुक्काम करावा लागत नाही. वाटेवरचं गाव वाटेवरच पाहावं.

मी कवी आहे, म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. शिरीष पै यांनी हायकू मराठीत आणला. त्या छोट्या कवितेच्या देशात मात्सुओ बाशो हा कवी १६८९ साली उत्तरेकडे पायी निघाला आणि पाच महिने चालत राहिला. आज तो प्रदेश वेगवान गाडीने काही तासांत ओलांडता येतो. हायकूत सतरा मात्रा असतात, त्यात सगळं मावत नाही हे आधीच कबूल केलेलं असतं. प्रवासाच्या कागदाचंही तसंच आहे. दहा रात्रींत देश मावत नाही. काय सोडलं हे ठरवल्याशिवाय काय पाहिलं हे नीट हाती लागत नाही.

जपानच्या व्हिसासाठी अर्जासोबत दिवसवार कार्यक्रम जोडावा लागतो. कुठल्या तारखेला कुठं, मुक्काम कुठं. पुष्कळांना ती कटकट वाटते. मला ती सोय वाटली, कारण त्या निमित्ताने माणूस कागदावर खरं लिहायला बसतो.

तेव्हा देश कोणताही असो, कागद घ्या आणि शहरांची नावं लिहिण्याआधी रात्रींचे आकडे लिहा. जितक्या वेळा मुक्काम हलणार तितके अर्धे दिवस वजा करा. आपल्याला मुळात ज्या एका गावासाठी जायचं आहे, त्याच्याभोवती गोल करा आणि त्याला सर्वांत जास्त मोकळा वेळ द्या. पास घेण्याआधी सुट्या तिकिटांची बेरीज करा, आणि त्या देशाच्या सुट्ट्या पाहा. बॅग मोजा. घरातल्या ज्या माणसाचे गुडघे सर्वांत जास्त दुखतात, त्याला तो कागद दाखवा आणि त्याने ज्या नावावर रेघ मारली ते मुकाट्याने गाळा. मुंबई-अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या मार्गावर जपानी पद्धतीच्या गाडीचं काम चालू आहे. ती गाडी धावू लागेल तेव्हा आपल्यालाही वाटेल, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊ. येता येईलच. पण काम नसेल आणि गाव पाहायचं असेल, तर एक रात्र तिथं राहा.